परड्यातला नर रातांबा

अहो, तुम्ही गेल्यावर घरातलं रडणं थांबलंही नव्हतं, तेवढ्यात एक माणूस दारात येऊन उभा राहिला. बगलेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी. तळेऱ्याच्या पलीकडून कुठूनतरी एसटीने आला होता, त्याला वाटेत कुणी काही सांगितलं नव्हतं. घरापुढच्या खळ्यात बायका डोक्यावरून पदर घेऊन बसलेल्या, तरी त्या शहाण्याला उमज पडेना. म्हणतो कसा, "मास्तर आसत? ह्यां झाड कसला तां इचारूक इलंय."

कुणी उठेना. शेवटी मीच उठले. फांदी घेतली, पानं बघितली. समोरासमोर होती. देठ मोडला, चीक नव्हता. पान उलटून शिरा बघितल्या. आणि त्याला काय सांगितलं असेल मी? "फूल घेवन ये." तो म्हणाला, "बाय, फूल येवक अजून मोप वेळ आसा." म्हटलं, "मगे तेव्हा ये." तो गेला मुकाट. कोपऱ्यावर वळला तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की हा फूल घेऊन येईल खरा, पण ते बघणार कोण. मग मात्र पडवीत खांबाला धरून जी बसले ती मला कुणी उठवू शकलं नाही.

सवय लागली म्हणायची, दुसरं काय. आख्ख्या आचरा गावात तुम्हाला पालामास्तर म्हणायचे ते काही उगाच नाही. हायस्कुलात शास्त्र शिकवायचात, पण खिशात खडू कमी आणि पाला जास्त. तुमचे सदरे धुताना मी तुमच्या शास्त्राचा किती उद्धार केला असेल, त्याला गणती नाही. फणसाचा चीक खोबरेल लावून तरी निघतो. काजूच्या बोंडाचा डाग मेल्याशिवाय जात नाही. तुमचा तो खाकी सदरा अजून दोरीवर आहे. काढवत नाही.

तुमचं माझ्याशी पहिलं बोलणं आठवतं का? लग्नानंतर मालवणहून येताना खाडी ओलांडायला तरीची वाट बघत आपण उंडीच्या झाडाखाली बसलो होतो. वऱ्हाड इकडे तिकडे पांगलेलं. मला वाटलं, आता काहीतरी विचारतील, तहान लागली का, भूक लागली का. तुम्ही एक डहाळी वाकवलीत आणि म्हणालात, "बघ, पानं एकमेकांसमोर आहेत की एकाआड एक?" मी मालवणात वाढलेली, तोंडाची फटकळ. म्हटलं, "समोरासमोर. आता आपण बसलोय तशी." तुम्ही कानापर्यंत लाल झालात आणि तर काठाला लागेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. आमच्या मावशीने घरी जाऊन सांगितलं, नवरो मुको आसा.

मुके कसले, एकदा सुरू झालात की थांबायचं नाव नसायचं. रविवारी सकाळी तुमच्या आईंच्या भाषेत 'रानां फिरूक' निघायचो आपण. लोक बघायचे, बायकोला घेऊन मास्तर कुठे चाललाय म्हणून. तुमचं शिकवणं ठरलेलं. आधी लांब उभं राहून झाड पुरं बघायचं, ते उंच सरळ जातं की फांद्या खाली सोडतं. मग साल. मग पानं फांदीवर कशी बसलीत. मग देठाच्या काखेत कोंबाचा डोळा आहे का ते. डोळा असेल तर ते अख्खं पान, नसेल तर पानाचा नुसता तुकडा. करंजाचं एकेक पान मी वेगळं समजत होते, त्या पाच-सातांचं मिळून एक पान होतं हे तुम्ही मला दाखवलंत. सागाचं कोवळं पान चुरगळून बोटं लाल करून दाखवलीत. सातवीण दाखवलीत, एका पेराभोवती पानांचं कडं घेऊन बसलेली. आणि हे सगळं झाल्यावर मी विचारायचे, "मग हे झाड कुठलं?" तर तुम्ही म्हणायचात, "फूल बघितल्याशिवाय नाव सांगू नये."

किती चीड यायची मला. अहो, सगळ्या गावाला माहीत असलेलं झाड, पोरटोर नाव सांगेल, आणि तुम्ही म्हणणार, अंदाज आहे पण नाव नाही. अंदाज आणि नाव या दोन गोष्टी वेगळ्या, म्हणायचात. अंदाज मनात ठेवावा, नाव तोंडातून काढावं ते खात्री झाल्यावर. पानं फसवतात, साल वयाप्रमाणे बदलते, फूल मात्र खोटं बोलत नाही.

माझी झाडांची वाटणी स्वयंपाकघरातली होती. जळणाची, आंबटाची, औषधाची, देवाची. तुम्ही म्हणालात, उंडी, सुरंगी आणि कोकमाचा रातांबा ही तिन्ही एका घराण्यातली. मी हसले. म्हटलं, उंडीचं तेल दिव्यात, सुरंगीचा वळेसार केसात आणि रातांब्याची सोलं सारात, घराणं कसलं डोंबलाचं? तुम्ही तिन्हींच्या डहाळ्या आणून पडवीत मांडल्यात. तिन्हींची पानं समोरासमोर, जाडसर, गुळगुळीत. तिन्हींना मोडलं की चीक. फुलात केसरांचा झुबका. वर मलाच विचारलंत, "तुझा एक भाऊ गलबतावर, दुसरा शाळेत मास्तर. मग काय, घराणी दोन झाली?" मी कबूल केलं नाही, पण त्या दिवशी सार करताना सोलं भिजत घातली तेव्हा सुरंगीची आठवण झाली एवढं खरं.

एवढं सगळं लिहिलं ते मूळ गोष्ट टाळायला, हे तुम्ही असतात तर ओळखलं असतंत.

लग्नाला वर्षं होत गेली आणि पाळणा हलेना. आईंनी आधी नवस केले. मग ग्रामदेवतेला कौल लावला. मग अंगारे झाले, कुणीतरी दिलेली मुळी झाली. मी सगळं केलं, निमूट केलं, माझ्यासारखी फटकळ बाई निमूट झाली म्हणजे समजा. आणि घरामागच्या परड्यात ते दोन रातांबे. सासऱ्यांनी हातांनी लावलेले. एक दर उन्हाळ्यात लालेलाल होऊन जायचा, फळं वेचताना कंबर मोडायची. दुसरा त्याच्याहून उंच, डेरेदार, पण एक फळ धरेल तर शपथ. आई त्याला वांझ म्हणायच्या. "त्या वांझाक पाणी घालू नको गो." "त्या वांझाच्या बुडात राख टाक." मुद्दाम मला ऐकवायच्या असं नाही. झाडाला म्हणून जे काय म्हणायचं ते म्हणायच्या. पण तो शब्द परड्यातून आला की माझ्या हातातलं काम थांबायचं.

मग नांदगावच्या मुलीची गोष्ट निघाली. आईंच्या लांबच्या नात्यातली, बापाला चार मुली. तुम्ही सांगितलंत, आये, एक बायको असताना दुसरी करायची नाही असा कायदा आहे. त्या म्हणाल्या, "कायदो मुंबयत." तुम्ही नाही म्हणत राहिलात, त्या होय म्हणत राहिल्या. त्यांचंही काय चुकलं? एकुलता एक मुलगा, वंश पुढे जावा एवढंच मागणं. मला माहेरी पाठवणार नव्हत्या. "तू पण रव, ती पण रवात," म्हणायच्या. मी रात्रंदिवस एकच विचार करायचे, की तसं झालं तर या घरात मी कोण. चुलीशी एक वांझ, परड्यात एक.

आणि ग्रहण आलं. थंडीचे दिवस होते, सूर्यग्रहण होतं. आपल्याकडे ग्रहणात वांझ झाडाला मुसळाने मारतात, मग ते फळतं, हे मी मालवणातही ऐकलं होतं. आईंनी कांडायच्या वाईनाजवळचं मुसळ आणून माझ्या हातात दिलं. "मार गो. तूच मार. झाडाचां बरां होता आणि मारणारीचांपण." त्यांच्या आवाजात रागबिग काही नव्हता, उलट आशा होती. म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही. उजेड पिवळट पडलेला, कावळे गप्प झालेले. मी पदर खोचला आणि मारलं. हाताला झिणझिण्या आल्या. परत मारलं. मला आठवतं, मनात मी त्या झाडाला म्हणत होते, माफ कर रे बाबा.

तुम्ही मुलांना काजळी धरलेल्या काचेतून ग्रहण दाखवून शाळेतून येत होतात. कुंपणाचं बेडं सरकवून आत आलात आणि थबकलात. तुम्हाला तेवढं रागावलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. मोठ्याने बोललात मात्र नाही. माझ्या हातातून मुसळ घेतलंत, न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवलंत. आणि सरळ रातांब्यावर चढलात, धोतर खोचून. आई ओरडल्या, "अरे, गिराणात पानाक हात लावू नये." तुम्ही ऐकलं नाहीत. या झाडाची डहाळी काढलीत, त्या झाडाची काढलीत, खाली आलात, सुपात दोन्ही ठेवून खिशातलं भिंग काढलंत.

"आये, हडे बस. बघ."

आई बसल्या. तुमच्या आवाजाला बसल्या. फळणाऱ्या झाडाचं फूल तुम्ही आधी दाखवलंत, जाड पाकळ्यांचं, एवढंसं. त्याच्या मधोमध हिरवी गोल गाठ होती. "ह्यां तेचां पोट. ह्यांच वाढता आणि रातांबो होता." मग दुसऱ्या झाडाची डहाळी. तिथे फुलं झुबक्याझुबक्याने, आणि प्रत्येकात नुसते केसर. गाठ नाहीच. "हेका पोटच नाय, आये. तो नर आसा. तो फळ देतलो कसो? पण तेचो पराग त्या झाडाक होयो. तो आसा म्हणान ही फळता."

आईंनी भिंग डोळ्याला लावलं. किती तरी वेळ बघत होत्या, एक फूल ठेवून दुसरं, दुसरं ठेवून परत पहिलं. शाळेत गेल्या नव्हत्या, पण बाई हुशार. म्हणाल्या, "मगे इतकी वरसां आमी तेका उगाच वांझ म्हणत होतंव." तुम्ही म्हणालात, "होय, उगाच."

तिथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आईंनी सूप बाजूला सारलं आणि विचारलं, "झाडाचां कळलां. घरातलां सांग. नांदगावच्या लोकांका मी काय कळवू?"

तुम्ही भिंग सदऱ्याला पुसत होतात. पुसतच राहिलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "आये, मास्तरांच्या शिबिराक कोल्हापुराक गेललंय ना, तेव्हा थंय डॉक्टराक दाखवलंय. दोष माझ्यात आसा. हिच्यात नाय. दुसरी हाडलंस तरी काय फायदो? तिकापण लोक वांझ म्हणतले."

आई उठल्या, ग्रहण सुटल्याच्या अंघोळीला विहिरीकडे गेल्या. मी तिथेच उभी. ऊन परत नेहमीसारखं पडलं होतं आणि कोंबड्या परत माती उकरायला लागल्या होत्या. तुम्ही सुपातल्या डहाळ्या उचलल्यात, म्हणालात, "वर्गात दाखवायला बऱ्या," आणि आत गेलात. झालं. एवढंच.

नांदगावला कारण कळवावं लागलं, आणि एकदा तिकडे कळलं म्हणजे गावाला कळायला किती वेळ. देवळात, न्हाव्याकडे, एसटीच्या थांब्यावर, सगळीकडे तोच विषय. "मास्तर, झाडांचां रवांदे, आधी घरातलां बघा." तुम्ही हसायचात. बायकांना शंभर माणसांत वांझ म्हणतात ते आम्ही जन्मभर ऐकतो, आम्हाला त्याची सवय. पुरुषाने आपणहून ते अंगावर घेतलेलं मी तरी दुसरं उदाहरण बघितलं नाही. एकदा कुणीतरी तुमच्या वर्गात फळ्यावर घाणेरडं काहीतरी लिहून ठेवलं. तुम्ही पुसलंत आणि खोडाचा धडा सुरू केलात, असं मला बाहेरून कळलं. मी तणतणले, कोण तो सांगा, त्याच्या आईशीच बोलते. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "अक्षर चांगलं होतं पण." मला हसूही आलं आणि रडूही, मी तुमच्या ताटात आणखी भात वाढला.

आई बदलल्या. माफी नाही मागितली, त्यांच्यात ती पद्धतच नव्हती. पण तो शब्द घरातून गेला. मला 'गो सुने' म्हणायच्या, त्याचं 'बाय' झालं. सुरमई आणली की डोकं माझ्या ताटात पडायला लागलं. आणि त्या नर रातांब्याला उन्हाळ्यात न चुकता दोन कळशा पाणी, स्वतःच्या हाताने.

आपलं भांडण मात्र त्या झाडावरून संपलं नाही, आणि तुम्ही ते अर्धं टाकून गेलात. खालच्या वाडीतल्या पास्कू सुताराने आपला नर रातांबा तोडला, तेव्हा तुम्ही छाती ठोकून सांगितलंत, पुढच्या वर्षी तुझ्या मादीला फळ धरणार नाही. पुढच्या वर्षी पास्कू पाटीभर रातांबे घेऊन दारात. "मास्तर, घेवा. तुमच्या शास्त्राचां नाव घेवन सोलां घाला." मी पदराआड हसले. तुम्ही म्हणालात, जवळपास दुसरा नर असणार, मधमाशी कुणाचं कुंपण बघत नाही. मग तो दुसरा नर शोधायला तुम्ही किती माळ तुडवलेत, किती लोकांच्या परड्यांत शिरलात, कुत्री अंगावर घेतलीत. दर हंगामात पास्कू पाटी आणायचा आणि दर हंगामात तुम्ही म्हणायचात, सापडेल. मी म्हणायचे, झाडाला नर नसला तरी चालतं, कबूल करा. तुम्ही म्हणायचात, खात्री झाल्याशिवाय कबूल करणार नाही. परवा पास्कू आला होता. टोपी हातात धरून पडवीत बसला. म्हणाला, "माजोच हट्ट होतो वयनी. तेंचां बरोबर आसताला." मी त्याला म्हटलं, असं म्हणू नकोस, ते ऐकून त्यांना वाईट वाटेल, जिंकायचं होतं ते पुराव्याने. तो रडला. मोठा दांडगा माणूस, चहा न पिताच गेला.

आता ते दुसरं, जे आपण कधी बोललो नाही.

त्या शिबिराला माझा धाकटा भाऊ तुमच्याबरोबर होता. गणपतीला तो आला तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, कोल्हापुरात डॉक्टरकडे गेला होतात का रे दोघं? तो म्हणाला, "डॉक्टर? छे गं. शिबीर झालं की रंकाळ्यावर फिरायचो, चपला घेतल्या." मग त्याने डोकं खाजवलं. "एका दुपारी मात्र भावजी एकटेच गेले होते कुठेतरी. म्हणाले, झाडं बघायला."

झाडं बघायला. तुम्ही जाल झाडं बघायला, त्यात नवल काय. डॉक्टरकडे जायचं असेल तेव्हाही तुम्ही हेच सांगितलं असतंत. मी त्या एका दुपारीवर वर्षानुवर्षं डोकं फोडलं. साध्या कुंभ्याच्या झाडाचं नाव सांगायला जो माणूस फूल येईपर्यंत थांबतो, चार महिने थांबतो, त्याने एवढी मोठी गोष्ट आईसमोर ठामपणे सांगितली. तर मग खात्री केली असणारच. की केली नव्हती? की आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं तुम्ही न बघता नाव सांगितलंत, ते माझ्यासाठी?

विचारायचं कितीदा ठरवलं. तुम्ही दिवा पुसत असताना, आपण सुरंगीखाली चादर अंथरून फुलं गोळा करत असताना, आजारपणात तुमच्या कपाळावर पट्टी ठेवताना. ओठांवर यायचं. खरं असेल तर विचारून तुम्हाला दुखवायचं कशाला. आणि खोटं असेल तर ते मला पेलवलं नसतं. माझ्यासाठी एक माणूस गावभर हसं करून घेतो, आणि मी त्याच्याशी पाल्याचे डाग पडले म्हणून भांडते, हे कुठल्या तोंडाने सहन करायचं? मालवणला डॉक्टरीण आली तेव्हा मी स्वतःला दाखवायला गेलेही होते. पायऱ्या चढले, बाकावर बसले, नाव पुकारायच्या आत उठून आले. मला काही कळून घ्यायचं नव्हतं. आपलं बरं चाललं होतं. खरंच बरं चाललं होतं हो. पोर नव्हतं, त्याचं दुःख होतं, नव्हतं असं कसं म्हणू. पण तुमच्याबरोबर चालताना मला कधी रिकामं वाटलं नाही. दुसऱ्या कुणाचा संसार आपला व्हावा असं एकदाही मनात आलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगायला हवं होतं, सोपं होतं.

तेराव्याला सगळे जमले. नांदगावचे लोकही आले, ज्यांची मुलगी तेव्हा येणार होती तेच. पंगत उठल्यावर बायका माजघरात बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी सुस्कारा टाकून म्हणाली, "काय करतलास, बिचाऱ्याच्या अंगातच दोष. वंश बुडलो." तिच्या मनात वाईट नव्हतं. माझ्या कीवेपोटीच बोलली. पण मला वाटलं, हा माणूस आता इथे नाही, हसून सोडून द्यायला नाही, आणि त्याच्या नावावर राहणार काय, तर हे. शास्त्र नाही, शिकवलेली मुलं नाहीत, हे.

मी म्हटलं, "दोष तेंचो नाय होतो. माझो होतो."

मी पुढे म्हटलं, "तेनी माझ्यासाठी आपल्यावर घेतल्यानी. मी डॉक्टरणीक दाखवलंय मालवणाक." आणि उठून उष्टी पानं टाकायला परड्यात गेले. छातीवरचा धोंडा उतरला होता. आईंनी मला बोलताना ऐकलं होतं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

पाहुणे गेले. रातांबे पिकून खाली पडायला लागले होते, फळं सुतक बघून थांबत नाहीत. दुपारी आई आणि मी खळ्यात पाटी मध्ये घेऊन बसलो. त्या बिया काढत होत्या, मी सुरीने फळं चिरत होते. पाटी अर्धी झाली. मग आई म्हणाल्या, "माजघरात तां कित्याक बोललंस?"

"खरां होतां म्हणान."

"तुका म्हायत आसा खरां?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या बघत नव्हत्या, बोटं चालूच होती. मला खोटं बोलवेना. म्हटलं, "नाय."

"तेकापण म्हायत नव्हतां," आई म्हणाल्या. "माका तेव्हाच कळलां. माझो झील. तो कधी न बघता बोललो नाय, तां त्या दिवशी बोललो. भिंग पुसत होतो, पण भिंगाक काय लागलां नव्हतां."

माझी सुरी थांबली. "मगे तुमी गप्प कित्याक रवलात? इतकी वरसां?"

आईंनी हातातली बी पाटीत टाकली. "तेका गावात आपली लाज गेली तरी चलात, पण तुका दुखवूचां नव्हतां. इतक्यां समाजल्यावर मी आणि काय बोलतलंय? मी नांदगावाक निरोप धाडलंय, आणि गप्प रवलंय." पदराने नाक पुसलं. "आता तेना आपल्यावर घेतल्यान, तू आपल्यावर घेतलंस. पुरे झालां. फुडे कोणी इचारल्यान तर सांग, दोष सासयेचो होतो. माझां काय, मी म्हातारी."

असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली, कारण मला पुढचं काही दिसत नव्हतं आणि बोट कापलं असतं.